नाव खोडलेलं भाषण

एकदा एका तरुण वक्त्याची झोप उडाली. निशिकांत त्याचं नाव. गावात कुणीही गेलं की शोकसभेत बोलायला त्यालाच बोलावत, आणि तोही अस्खलित बोले. पण आज संध्याकाळची सभा होती विसूभाऊ कंपाउंडरांची. लहानपणी विषमज्वरात आठ दिवस उशाशी बसून ज्यांनी त्याला जगवलं, त्यांची. इथे चुकून चालणार नव्हतं.

धास्तावून तो लिहिलेलं भाषण घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींनी ते वाचलं, पेन उचललं आणि जिथे जिथे विसूभाऊंचं नाव होतं, तिथे तिथे ते खोडलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही.

"चल, विसूभाऊंच्या घरी. द्वारकावहिनींना वाचून दाखव."

निशिकांत दाराशीच घुटमळला. पण गुरुजींपुढे बोलणार कोण! विसूभाऊंच्या पत्नीसमोर बसून त्याने वाचलं: क्रूर काळाने घाला घातला, दुःखाचा डोंगर कोसळला, मनमिळाऊ आणि परोपकारी व्यक्तिमत्त्व, कधीही भरून न निघणारी पोकळी. द्वारकाकाकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग हळहळून म्हणाल्या, "चांगला माणूस असावा रे. कोण गेलं? गुरुजींच्या नात्यातलं कुणी?"

निशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पडताच तो कळवळून म्हणाला, "गुरुजी, यात एकही वाक्य खोटं नाही हो!"

"खोटं कोण म्हणतंय? अरे, 'पोकळी' हा शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला, त्याचं घर खरंच रिकामं झालं असेल. पुढे तो हजार तोंडांतून फिरला आणि त्याचे कंगोरे झिजले. अशा शब्दांना आपण गुळगुळीत म्हणतो. ते कुणाला बोचत नाहीत, म्हणून घाबरलेल्या माणसाला फार सोयीचे. सरकारी ठरावात खुशाल वापर. पण ज्याने तुला जगवलं, त्याला तरी कुणालाही चालेल असं भाषण देऊ नकोस, बाबा."

"मग बोलू काय?"

"ते मला काय विचारतोस? विषमज्वर मला झाला होता का?"

संध्याकाळी निशिकांत कागदाविना उभा राहिला. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. लोक चुळबुळू लागले. अखेर तो कसाबसा म्हणाला, "विसूभाऊ सुई टोचण्याआधी म्हणायचे, 'वर बघ, पाल!'"

सभेतल्या निम्म्या माणसांनी नकळत छताकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना रडू फुटलं.