पाठमोरी राणी

एका राज्यात उग्रभानू नावाचा राजा होता, आणि त्याला वाटे, आपला डोळा पोहोचेल तिथवर सगळं आपलंच. त्याची राणी पद्मलता मात्र न्हाणीघराला आतून कडी लावी.

राजाने चित्रकार कुंजराला आज्ञा केली, "राणी केस पुसताना रंगव. तिला कळू देऊ नकोस."

कुंजराच्या घराण्याची रीत होती, ज्याचं चित्र काढायचं त्याला आधी विचारायचं, 'पाहू का?' पण राजाज्ञेपुढे रीत मागे पडली. भिंतीला बोटभर भोक पाडलं. तैलरंगात चित्र उतरलं: चौरंगावर पाठमोरी राणी, ओली मान, सैल वेणी. कुंचल्याचा शेवटचा हात फिरला आणि न्हाणीघरातला चौरंग रिकामा झाला. राणी चित्रात गेली. रंगातली पाठ श्वासाने हलत होती.

"बघा आता पोटभर," राणीची साळुंकी म्हणाली.

राजाने विचारलं, "ती परत कशी येईल?"

"रंग ओला आहे तोवर येईल. सात दिवस. तीन कामं करा. भोक स्वतःच्या हाताने बुजवा. यक्षिणींच्या दरीतून जवसाचं तेल आणा, डोळे मिटून. तिसरं आत्ता सांगत नाही. सांगितलं तर पहिली दोनही करणार नाहीत."

राजाने चिखल मळला. दोनदा गिलावा गळून पडला, तिसऱ्यांदा टिकला. मग तो दरीत शिरला. पाणी खळखळत होतं, कंकणं वाजत होती. "इकडे बघा ना, महाराज." वाटेत त्याचे हात दगडी माणसांना लागत होते; साऱ्यांच्या माना वळलेल्या. राजाने पापणी उघडली नाही. दरीच्या टोकाला आंधळा मांत्रिक घाणा फिरवत होता. त्याने बुधला भरून दिला.

सातव्या दिवशी राजा धावतच परतला. रंग कडेने सुकत आला होता. कुंजराने चित्रातल्या राणीच्या मानेवर तेल लावलं; तिथला रंग पुन्हा ओला झाला.

"आता पगडी काढा, अंगरखा काढा," साळुंकी म्हणाली. "तिच्या चौरंगावर बसा. तिला पाहू द्या."

"अशा अवस्थेत? मला कुणी तसं पाहिलेलं नाही."

"तिलाही नव्हतं पाहिलं."

चित्र न्हाणीघरात टेकवून कुंजर साळुंकीला घेऊन बाहेर गेला. राजाने कडी लावली. टक्कल, सुटलेलं पोट, खांद्यावरचा जुना व्रण घेऊन तो चित्रासमोर बसला. हात झाकायला उठले. त्याने ते मांडीखाली दाबून धरले.

"पद्मलते, मी तुला विचारलं नाही."

चित्रातली मान वळली. राणीने त्याला नखशिखांत पाहिलं. घाई केली नाही.

"हा व्रण कधीचा?"

"लग्नाआधीचा."

"मला कधी दाखवला नाहीत."

एवढं बोलून ती चौकटीबाहेर उतरली. फरशीवर ओली पावलं उमटली. वेणीचं टोक तेवढं सुकलेल्या रंगात अडकलं होतं. तिने कात्री मागितली आणि ते तिथेच सोडलं.

रिकामा चौरंग आणि चार बोटं वेणी, असं ते चित्र त्या राज्यात अजून आहे. चित्रकारांची रीतही परत आली.

दुसऱ्या सकाळी राजाने न्हाणीघराच्या दारावर टकटक केली. "पाहू का?"

आतून हसण्याचा आवाज आला. "थांबा."

राजा थांबला.