ठकूबाईची फसकी

एकदा एका नदीकाठच्या पेठेत एक तरुण अंमलदार करवसुलीवर नेमला गेला. गोष्ट फार जुनी आहे. त्या काळी घराची पट्टी असे, शेताचा सारा असे, वेशीवर गाड्या थांबवून मालावर जकात घेत. आणि बाजाराच्या दिवशी प्रत्येक विक्रेत्याच्या ढिगातून सरकारची म्हणून एक मूठ माल उचलत. या मुठीला फसकी म्हणत. कर कुणाला गोड लागतो? पण घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहत, एकमेकांना नावाने ओळखत. म्हातारपणी त्या अंमलदाराला त्या बाजाराची फार आठवण येई, आणि त्याहून जास्त आपल्या गुरुजींची.

अंमलदार हुशार होता आणि मनाने सरळ. फसकी उचलणाऱ्या शिपायांची मूठ माणूस बघून लहानमोठी होते, हे त्याने पाहिले. ओळखीच्याकडून चिमूटभर, परक्याकडून पंजाभर! त्याने मूठच बंद केली. एक लाकडी चिपटे करवून घेतले आणि दवंडी पिटवली, की यापुढे लहानथोर सर्वांकडून हे एकच माप भरून घेतले जाईल. न्याय केला म्हणून स्वारी खूश होती.

पुढच्या बाजाराला निम्म्या भाजीवाल्या, शेंगावाल्या आल्याच नाहीत. त्या नदीपलीकडच्या बाजाराला वळल्या होत्या. असेच चालले तर पेठ बसणार आणि तिच्याबरोबर आपली नोकरीही जाणार, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याने आपल्याला हे काम शिकवणाऱ्या गुरुजींना बोलावणे धाडले. गुरुजींनी उभा जन्म वसुलीत घालवला होता, आणि तरीही लोक त्यांना वाटेत थांबून रामराम घालत. ही काही लहानसहान विद्या नव्हे.

बाजाराच्या दिवशी गुरुजी आले. चिपटे हातात घेऊन म्हणाले, “बाळ, जरा त्या पिंपळाकडे तोंड करून उभा राहा.”

भर बाजारात, लोकांच्या देखत अंमलदार शाळेतल्या पोरासारखा पाठ फिरवून उभा राहिला. लोक हसू दाबत होते.

“हं, वळ आता. मी दोन ढिगांतून एकेक चिपटं उचललंय. कुठून उचललं, सांग.”

अंमलदाराने नजर फिरवली. धान्य-मिठाच्या व्यापाऱ्याची ज्वारी पुरुषभर उंच होती. गुळाच्या ढेपा, मिरच्यांची पोती जिथल्या तिथे होती. मग त्याचे लक्ष ठकूबाई नावाच्या म्हातारीकडे गेले. फडक्यावर शेंगांचा एवढासा ढीग, आणि त्याला मधोमध असा खळगा पडलेला, की खालचे फडके दिसत होते.

“एक इथून,” तो हळूच म्हणाला. “दुसरं काही ओळखू येत नाही.”

“दुसरं शेटजींच्या ज्वारीतून.”

“अहो, मलाच पत्ता नाही!” व्यापारी हसला.

गुरुजी म्हणाले, “बाळ, तुझं माप खरं होतं. पण तू माप पाहिलंस, ढीग पाहिला नाहीस. शेटजी म्हणतील, आम्ही वेशीवर जकातही भरतो. भरतात, खरं आहे. पण ती मिठाच्या भावावर चढवतात, आणि ते मीठ ठकूबाई विकत घेते. म्हणजे जकात दिली शेटजींनी आणि पैसे सुटले हिच्या कनवटीचे. एक कर समोर येऊन मागतो. दुसरा भावात दडून येतो. तो हिनं आजवर एकदाही चुकवलेला नाही.”

व्यापाऱ्याचे हसू विरले. अंमलदाराला मात्र भरून आले. त्याने शेंगा परत ढिगावर ओतल्या आणि मोठ्याने सांगितले, “आजपासून ठकूबाईंना फसकी माफ!”

त्याला वाटले, म्हातारी दुवा देईल. तिचा तर चेहराच उतरला.

“माफ कशापायी, सरकार? म्या काय भीक मागाया बसलीया? फसकी देती म्हनून ह्या सावलीत माझी जागा हाय. गेल्या साली गाडी लावाया मला उठवत हुते, तवा म्या ठासून सांगितलं, मीबी फसकी भरती. फुकाट बसले, तर उद्या कुनीबी उठवंल मला!”

 अंमलदार गुरुजींकडे पाहू लागला.

गुरुजी म्हणाले, “दया केलीस, पण तिचा हक्क काढून घेतलास. ज्याच्याकडून सरकार काहीच घेत नाही, त्याचं गाऱ्हाणं ऐकायची सवयही सरकारला राहत नाही. ढीग बघून घे. शेटजींकडून त्यांच्या मानानं, हिच्याकडून हिच्या. पण घे.”

ठकूबाईने आपल्या सुरकुतलेल्या हाताने मूठभर शेंगा उचलल्या. अंमलदाराने त्या दोन्ही हात पुढे करून घेतल्या. म्हातारीने पदर सावरला, ऐसपैस मांडी घातली आणि गिऱ्हाइकाला हाक दिली.

आता फसकी गेली, वेशीवरचे जकात नाकेही उठले. साबणाची वडी घेताना आपण कर देतो, हे आपल्या गावीही नसते. पण देतो तर खरेच. मग गावच्या रस्त्याविषयी, दवाखान्याविषयी विचारताना आपला आवाज एवढा खाली का येतो?