पाच वैद्य आणि रेशमी दोरा

चंदनगडच्या राज्यात खोकला महाग झाला!

पूर्वी कोणी खोकला की वैद्य अडुळशाचा काढा देत. दोन कवड्यांत काम होई. आता ताप असो, पोटदुखी असो, की पाय मुरगळलेला असो, दरबारचे पाचही वैद्य एकच औषध सांगत: मोतीरामशेट व्यापाऱ्याचे कांचनचूर्ण. पुडीला एक सोन्याची मोहर!

असे का, हे कोणी विचारत नसे. मोतीरामशेटांनी पाचही वैद्यांना गादीच्या पालख्या भेट दिल्या होत्या. शिवाय चूर्णाचे गुणधर्म नीट समजावून सांगता यावेत, म्हणून त्यांना सहकुटुंब पंधरा दिवस समुद्रकाठच्या आपल्या बंगल्यात ठेवून घेतले होते. वैद्य परतले ते वजनाने वाढूनच.

राणीवशातली दासी सगुणा हिच्या बापाला खोकला झाला. पुड्यांपायी आईच्या पाटल्या गेल्या, मग नथ गेली. खोकला मात्र होता तिथेच राहिला. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री म्हणाले, "आणखी एकवीस पुड्या." सगुणा उठली ती थेट भैरवसेन महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, बाबांना काढा हवा आहे, चूर्णाची गरज नाही. पण वैद्यबुवा काढ्याचे नावही काढू देत नाहीत."

महाराज शब्दाचे पक्के होते आणि हट्टाचे त्याहून पक्के. ते कडाडले, "पाच वैद्य एकमुखाने सांगतात ते खोटे, आणि तू एकटी शहाणी?"

"पाच मुखे असती तर मीही ऐकले असते, महाराज. एकच मुख आहे, आणि ते शेटजींचे आहे."

"असे? मग त्याच मुखातून वदवून दाखव! वैद्य हे चूर्ण विनाकारण देतात, असे मोतीरामशेट स्वतः भरदरबारात म्हणाले पाहिजेत. धाक घालायचा नाही, लाच द्यायची नाही. आठ दिवस देतो. जमले तर मागशील ते मिळेल. नाही जमले, तर बापाला घेऊन राज्याबाहेर!"

दरबार हसला. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन घाट कसा उतरायचा, हा विचार मात्र सगुणेची पाठ सोडेना.

राणीवशाची एक रीत होती. परपुरुषाने राणीच्या मनगटाला हात लावायचा नाही. पडद्याआड राणीच्या मनगटाला रेशमी दोरा बांधायचा, आणि पडद्याबाहेर त्याचे टोक चिमटीत धरून वैद्याने नाडी ओळखायची. तो दोरा बांधण्याचे काम सगुणेचे. सातव्या दिवशी तिने राणीसाहेबांच्या कानात काही सांगितले. त्या पदर तोंडाला लावून पुष्कळ हसल्या, आणि प्रकृती बरी नसल्याचा निरोप महाराजांकडे गेला.

सगुणा मग मोतीरामशेटांकडे गेली.

"शेटजी, उद्या दरबारात पाचही वैद्य राणीसाहेबांची नाडी पाहणार. कोण तुमचे चूर्ण देतो आणि कोण टाळतो, ते पडद्याआड बसून स्वतःच ऐका की!"

शेटजींचे डोळे चमकले. "आणि राणीसाहेब?"

"त्यांना बसायचा कंटाळा आला आहे. दोरा कुणाच्या तरी मनगटाला बांधायला हवा. तुमच्याच बांधू का?"

"बांध, बांध!" शेटजी खुदखुदले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वैद्यांनी दोरा धरला. "वात वाढला आहे. राणीसाहेबांना रात्री झोप नाही." शेटजी रात्रभर घोरले होते! दुसरे म्हणाले, "अन्नावर वासना नाही." शेटजी चौदा जिलब्या रिचवून आले होते! तिसऱ्यांना प्रकृती जाईच्या फुलासारखी नाजूक वाटली, चौथ्यांना कफ सापडला. औषध चौघांचे एकच. दर वेळी शेटजी आत एकेक बोट दुमडून मोजत होते.

शेवटी त्र्यंबकशास्त्री आले. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि ते उद्गारले, "महाराज, तोंड गोड करा! राणीसाहेबांना दिवस गेले आहेत! गर्भ मात्र अशक्त आहे. कांचनचूर्ण, रोज चार पुड्या, बाळंत होईपर्यंत!"

महाराज आनंदाने उठलेच. सगुणा म्हणाली, "पडदा उघडू, महाराज?"

"वेडी झालीस? भरदरबारात?"

"हरकत नाही. आत बाईमाणूस कोणीच नाही."

पडदा सरला. मनगटाला दोरा, ओठावर झुबकेदार मिशा आणि मांडीवर विसावलेले पोट, अशा थाटात मोतीरामशेट बसले होते!

कोणी हसण्यापूर्वीच सगुणेने वीस पुड्यांचे तबक त्यांच्यापुढे धरले. "घ्या शेटजी. पाचही वैद्यांनी सांगितले आहे."

"मी कशाला घेऊ? मी ठणठणीत आहे!"

"पण पाच वैद्य एकमुखाने..."

"वैद्यांचे काय घेऊन बसलीस! समोर कोणीही असो, ते हेच देणार! पालख्या काय उगीच दिल्या मी?"

शेटजींनी जीभ चावली. "महाराज, हा धाक आहे! पुड्या पुढे करून या पोरीने मला बोलायला लावले!"

"धाक?" सगुणा म्हणाली. "अहो शेटजी, अख्खे राज्य ज्या पुड्या मोहरा मोजून घेते, त्या तुम्हाला फुकट देऊ केल्या. याला धाक म्हणायचे, तर दुकानावर 'औषध' अशी पाटी कशाला लावली आहे?"

महाराज असे हसले की मुकुट घरंगळला! तो सावरून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "माग, सगुणे!"

"आईचे दागिने परत मिळावेत, आणि आजपासून ज्याला हवा त्याला अडुळशाचा काढा दरबारातून मिळावा."

"दिले! पण त्या गर्भाचे काय करायचे?"

"राजवैद्यांचे निदान आहे, महाराज. खोटे कसे म्हणावे? शेटजींचे डोहाळजेवण करावे."

"सातव्या महिन्यात करतात ते!"

"गर्भ अशक्त आहे. उशीर नको."

तीन दिवसांनी हिरवा शालू नेसलेले मोतीरामशेट फुलांच्या झोपाळ्यावर बसले, पाचही वैद्यांनी त्यांची ओटी भरली, आणि शेटजींच्याच खर्चाने सारे चंदनगड जेवले. पंगतीत सगुणेच्या बापाने बुंदीचे चार लाडू खाल्ले आणि पाचवा मागितला. खोकला काढ्याने दुसऱ्याच दिवशी गेला होता.