मोजाईचं टाकं

हे लहान टाकं म्हणजे मोजाईचं टाकं. त्याच्या शेजारी फुटक्या भिंतीचा कोरडा खोलगट भाग दिसतो ना, तो गडाचा मोठा तलाव. तो आम्ही कधी दुरुस्त केला नाही, करणारही नाही. बसा, सांगतो.

असे सांगतात की, देशमुखीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले. थोरल्या रायाजीकडे खालचं सगळं खोरं, त्यामुळे माणसं अमाप. धाकट्या बाळोजीकडे हा गड आणि मूठभर गडी. रायाजी डावपेच कशाला लढवतोय! एकास एक मेला तरी शेवटी उरणार माझाच, एवढीच त्याची अक्कल. माणसं मोजली की दृष्ट लागते असं तो मानायचा, म्हणून किती गेली हेही त्याने कधी विचारलं नाही. रोज नवी तुकडी वर धाडायचा. अशाने बाळोजी पडला, पाठोपाठ त्याचा कोवळा मुलगाही पडला.

बाळोजीची बायको लखमाऊ रडली नाही म्हणे. ऐन वैशाखात तिने तलावाची भिंत फोडून पाणी कड्यावरून सोडून दिलं. तिच्या मूठभर गड्यांना पुरायचं ते हे टाकं तेवढं राखलं. मग निरोप धाडला, "भाऊजी, गड तुमचा. पण सगळ्यांना घेऊन या. माझं लेकरू मारणारे मला डोळे भरून बघायचेत."

रायाजी फुगला आणि सगळी फौज घेऊन वर आला. फौज आत शिरताच लखमाऊच्या गड्यांनी बाहेरून दरवाजाच्या चिंचोळ्या वाटेत धोंडे लोटले. तिथून एका वेळी एकच माणूस निघू शकतो. अडवायला मूठभर पुरले.

तहान लागली तसे सगळे या टाक्यावर तुटून पडले. आधी धक्काबुक्की, मग तलवारी. रायाजीची माणसं रायाजीच्याच माणसांनी कापली, टाक्याचं पाणी रक्ताने नासलं, उरलेल्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. लखमाऊ आतच होती, आधीच भरून ठेवलेला तांब्या घेऊन पायरीवर बसून बघत होती.

जखमी रायाजी सरपटत तिच्याजवळ आला. "घोटभर पाणी दे, लखमाऊ."

"देते की. आधी किती उरलात ते मोजा, भाऊजी."

उरला होता तो एकटाच. पण 'एक' म्हणायला त्याची जीभ वळली नाही, आणि तसाच तो गेला. बरं झालं! आम्ही धाकट्या पातीचे, बाळोजीच्या गड्यांचे वंशज, आम्हाला त्याची कीव येत नाही. लखमाऊची मात्र तेव्हापासून मोजाई झाली.

आजही गडावर कुणाला पाणी देण्याआधी आम्ही "किती जण?" असं विचारतो. थोरल्या पातीचा माणूस एकटा आला, तरी त्यालाही विचारतो. त्याने स्वतःच्या तोंडाने "एक" म्हटल्याशिवाय तांब्या पुढे करत नाही.