मुदपाकखान्याचा शेवटचा नियम

राजा गजसेनाच्या ताटात करपलेली खीर आली आणि वाड्यात एकच गोंधळ उडाला. आचारी म्हणाला, "ढवळणं माझं काम नाही." ढवळणारा म्हणाला, "जाळ काही मी घातला नव्हता." जाळ घालणारा म्हणाला, "लाकूड मागं ओढ, असं मला कुणी सांगितलंच नाही!" आता रागवायचं तरी कुणाला? राजा आपल्याच मिशा ओढत बसला. शेवटी म्हणाला, "त्या सारजेला बोलवा!"

सारजा म्हणजे बोरू विकणाऱ्या रखमाजीची मुलगी. बापाच्या दुकानात बसून अक्षर शिकली आणि आता त्या अक्षरावरच घर चालवत होती. लोकांच्या कारखान्यांचे नियम लिहून द्यायची. आज रंगाऱ्याकडे, उद्या हलवायाकडे, परवा दोर वळणाऱ्यांकडे. आधी मालकाचं ऐकायचं, मग कामकऱ्यांचं ऐकायचं. कोणी कधी यायचं, कोणी काय करायचं, भांडण झालं तर ते कुणापुढं न्यायचं, सगळं एका कागदावर उतरवायचं आणि भिंतीला डकवायचं. विदागी पदरात पडली की चालली पुढच्या दारी. चाकरी कुणाचीच नाही!

दिवाणजींना मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. तिच्या कागदांमुळं भांडणं गावातच मिटायची. दरबारात तक्रारी येईनात, आणि तक्रारींबरोबर येणारे नजराणेही येईनात. सारजा समोर येऊन उभी राहताच त्यांनी राजाच्या कानात काहीतरी सांगितलं. राजा ताठ बसून म्हणाला, "पोरी, माझ्या मुदपाकखान्याचे नियम लिही. एकच कागद, उद्या सकाळी हवा. तिथं जे जे घडू शकतं ते सगळं त्यात बसलं पाहिजे. कागदाबाहेरचं काही एक जरी घडलं, तर तुझा बोरू मोडला! पुन्हा माझ्या राज्यात एक अक्षर लिहायचं नाहीस."

"लिहिते, महाराज. पण एकदा त्यावर मुद्रा उठली, की तो कागद महाराजांनाही लागू."

"मंजूर!"

सकाळी सारजा कागद घेऊन हजर. वर चार-पाच साधे नियम होते. खीर ज्याच्या हाती, ढवळणंही त्याच्याच हाती. चूल सोडून जायचं तर दुसऱ्याला सांगून जायचं. असेच. आणि सगळ्यांत खाली लिहिलं होतं : 'जे इथे लिहिलेलं नाही, ते महाराजांना विचारून करावं.'

दिवाणजी पुढं सरसावले. "आमटीत पाल पडली तर?"

"शेवटचा नियम."

"जावईबापू न सांगता आले तर?"

"शेवटचा नियम."

"आभाळच कोसळलं तर?"

"तेव्हाही महाराजांनाच विचारायचं. का हो दिवाणजी, महाराजांना उत्तर येणार नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

दिवाणजींनी जीभ चावली. राजाची छाती फुगली. त्यानं मुद्रा उठवली आणि तो अंघोळीला गेला.

अंगावर पहिला तांब्या पडतो न पडतो तोच दारावर थाप पडली. "महाराज, आमटीला फोडणी जिऱ्याची की मोहरीची?"

"मोहरीची रे बाबा!"

राजा पूजेला बसला. "महाराज, पिठाच्या डालग्यात मांजर व्यालीय. पिल्लं हलवू का पीठ हलवू?" कशीबशी पूजा आटोपली, तोवर आचारी धापा टाकत आला. "महाराज, दूध वर आलंय. उतरवू का?"

"अरे, उतरव लवकर!"

आचारी गेला आणि तसाच परत आला. "आता उतरवण्यासारखं काही राहिलं नाही, महाराज. चूल पुसू का?"

दुपार टळली तरी ताट आलं नाही. मीठ किती, भात मऊ की मोकळा, पानं केळीची की पळसाची, विचारणाऱ्यांची रांग दारापर्यंत गेली होती. उपाशी राजा ओरडला, "आणा त्या पोरीला!"

सारजा आली. दिवाणजी आधीच येऊन हात चोळत उभे होते.

"काय लिहिलंस हे?" राजा कळवळून म्हणाला. "मी राजा आहे की पळीवाढा? बदल तो नियम!"

"बदलू दे की, महाराज!" दिवाणजी हसले. "शेवटची ओळ खोडली की कागदाला भोक पडलं. भोक पडलं की बोरू मोडला. आणि नाही खोडली, तर महाराज उपाशी. बोल आता, सारजाबाई!"

लेकीबरोबर आलेला रखमाजी दाराशी उभा होता. त्यानं घाबरून डोळे मिटून घेतले.

सारजेनं कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि परत दिला. "एकही अक्षर खोडायचं नाही, महाराज. कागदात नाही ते तुम्हाला विचारायचं, असंच लिहिलंय ना? मग मीही एक गोष्ट विचारते."

"आता तूही? विचार!"

"तुम्हाला गाठेपर्यंत दूध उतू जातं. तेव्हा जो भांड्यापाशी उभा असेल त्यानंच ठरवलं, तर चालेल का?"

"चालेल! पळेल!"

"आज की कायमचं?"

"कायमचं! जन्मभर!"

"झालं तर. नियमाप्रमाणं विचारलं, नियमाप्रमाणं हुकूम मिळाला. कागद जसाच्या तसा आहे, भोक कुठं नाही, आणि उद्यापासून तुमच्या दाराशी कुणी यायचं नाही. दिवाणजी, सापडतंय का काही कागदाबाहेरचं?"

दिवाणजींनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि मुकाट्यानं खाली ठेवला.

राजा आधी गालात हसला. मग त्याचं पोट हलायला लागलं. मग तो इतका हसला, की मुदपाकखान्यातली माणसं हातात पळ्या घेऊन बघायला आली!

"शाब्बास पोरी! आजपासून तू दरबारातच राहा. कायमची चाकरी, घर, पालखी!"

"चाकरी नको, महाराज. मी तुमची चाकर झाले, तर माझे नियम कोण लिहिणार?"

राजाला पुन्हा हसू फुटलं. त्यानं आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून सारजेच्या हातात घातलं. मग पागा, पीलखाना, शिलेखाना, जामदारखाना, सगळ्यांचे नियम लिहायचं काम तिला दिलं, ज्याच्या त्याच्या वेगळ्या विदागीनं. आणि आचाऱ्याला हाक मारली, "अरे, आज हिचं पान माझ्या शेजारी मांड! आणि काय वाढायचं ते मला विचारू नकोस!"