मुदपाकखान्यातला कट

शेंदुर्ल्याचे जहागीरदार रायाजीराव पक्के गोडखाऊ. होळीला पुरणपोळी आणि दूध, एवढंच वाड्यात शिजायचं, असा त्यांचा हुकूमच होता. तिखटाविना नोकरमाणसांची तोंडं मिटून जायची.

यंदा स्वयंपाकीण येसूकाकूंनी गुपचूप पुरणाच्या डाळीच्या पाण्याची, म्हणजे कटाची, झणझणीत आमटी केली. वास लागताच कारभारी धावला. "सरकार, मुदपाकखान्यात कट शिजतोय!"

रायाजीराव तलवार उपसूनच चुलीपाशी आले. "आमच्याविरुद्ध कट? बोला, कोण कोण सामील आहे?"

गडीमाणसं भिंतीकडे सरकली. काकूंनी मात्र पदर खोचला.

"सरकार, कट आत राहिला की पुरण सैल होतं आणि पोळी फुटते. जहागिरीचंही तसंच. मी तो वेळेवर बाहेर काढला आणि विस्तवावर ठेवला. आता सांगा, मला शिक्षा की बक्षीस?"

रायाजीरावांनी एकदा टम्म फुगलेल्या पोळीकडे पाहिलं. तलवार म्यान केली, वाटी उचलली आणि भुरका मारला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"आणखी वाढा," ते म्हणाले. "या कटात आम्हीही सामील!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आमटी वाट्यांत.