लग्नाची मुकी पंगत

अगं, हातातलं ठेव बाजूला आणि ऐक, राजवाड्यात काय झालंय! राजकन्येच्या लग्नाचे बुंदीचे लाडू मुंग्यांनी पळवले. तेसुद्धा दाराशी दोन पहारेकरी भाले घेऊन उभे असताना!

आता राजा भुजंगराव म्हणजे कसा, त्याच्या हुकमाशिवाय वाड्यात दिवासुद्धा लागायचा नाही. त्यानं कोठी सांभाळणाऱ्या सुभानाला बोलावलं आणि फर्मावलं, एवढी शिस्तीची रांग म्हणजे मुंग्यांना सेनापती असणारच. संध्याकाळपर्यंत त्याला पकडून आण, नाहीतर गाव सोड.

सुभाना बिचारा हात जोडून उभा. त्याची पोरगी तानी मात्र खुदकन हसली. भर दरबारात!

"हसतेस काय गं?"

"महाराज, त्यांना सेनापतीच नाही. एकीला लाडू सापडला की ती घरी जाताना वाटेवर वास सोडते. दुसरी त्या वासावर जाते, येताना तीही सोडते. झाली रांग!"

"हुकमाशिवाय काम होतं? मग उद्याची पंगत तशी वाढून दाखव."

अट अशी, की कुणी कुणाला शब्द बोलायचा नाही, खूणही करायची नाही. एका जरी पानावर एक जरी पदार्थ वाढायचा राहिला, तर बापलेक दोघं वेशीबाहेर.

सुभाना तर गाठोडंच बांधायला लागला. कारण तिथली पंगत म्हणजे दिवाणजी मधोमध उभे राहून ओरडणार, "मीठ!" मग मीठवाले पळणार. वाड्यातले वाढपी त्या आवाजाशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. तानीनं त्यांना सरळ सुट्टी दिली आणि आपल्या आळीतली माणसं आणली. ती जन्मभर एकमेकांच्या लग्नात वाढत आलेली.

पंगत बसली. सवयीनं ओरडू नये म्हणून दिवाणजींच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला होता. जे भांडं कुणी उचललेलं दिसलं नाही, ते ज्यानं त्यानं उचललं. मीठवाली फक्त पानाकडे बघायची. वरची जागा रिकामी? टाक मीठ. मिठाशेजारी काही नाही? लिंबाची फोड. भात दिसला की वरण, वरण दिसलं की तूप. कोपऱ्यात एकाच्या भातावर वरण नव्हतं, तर तूपवाली तिथेच थबकली. ती का थबकली म्हणून वरणवाल्यानं मान वळवली आणि आला की पळत!

तानी खांबाला टेकून बघत होती. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की राजानं आपल्या पानावरची लिंबाची फोड उचलली आणि हळूच मांडीखाली सारली. बोलायची सोय नाही, बोट दाखवायची सोय नाही!

पण लिंबूवाल्याला जागा रिकामी दिसली. त्यानं दुसरी फोड ठेवली. राजानं तीही सारली. मग तिसरी आली. राजा सारतोय, लिंबूवाला ठेवतोय, दोघंही हट्टाला पेटलेले. शेवटी लिंबूवाल्याचं ताट संपलं. तो ताट भरून आणायला वळला तोच राजा ताडकन उठून उभा राहिला.

"माझ्या पानावर लिंबू नाही! हरलीस पोरी."

सगळी पंगत राजाच्या पाटाकडे बघायला लागली. पाटावर चुरगळलेल्या फोडींचा हा एवढा ढीग आणि राजाचं रेशमी धोतर मागून चिंब. राजानं मागे वळून पाहिलं, जरासा ओशाळला, तरी मिशीला पीळ देत म्हणाला, "एवढी लिंबं मला कुणाच्या हुकमानं वाढली?"

"तुमच्याच, महाराज. जागा तुम्ही रिकामी केलीत, आणि शब्दही न काढता तो हुकूम लिंबूवाल्यानं पाळला."

राजा पुन्हा त्या ढिगाकडे वळला. मग असा काही हसला, की दिवाणजींच्या तोंडातला लाडूसुद्धा बाहेर उडाला! सुभानाची कोठी कायम झाली, तानीला उरलेल्या लाडवांची अख्खी टोपली मिळाली, आणि मुंग्यांच्या सेनापतीचा शोध तिथल्या तिथे बंद.

पण काय गं, तू लिंबूवाल्याच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? फोडी ठेवत राहिली असतीस, की राजाला म्हणाली असतीस, "महाराज, जरा मांडी उचला"?